कहाणी संपेपर्यंत

"अक्षता मुठीत धर. आणि कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, बरं का नलू."

आईचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. श्रावणातला शुक्रवार, भिंतीवर डकवलेला जिवतीचा कागद, त्याला आघाड्याची माळ, खाली पाटावर मी. मुलांच्या रक्षणासाठी आया जिवतीचा हा नेम करतात. कहाणी सांगणारीला ऐकणारं कुणी लागतं. नुसतं भिंतीला सांगून ती देवाला पोचत नाही, असं आई म्हणायची. ऐकणाऱ्यानं हातात अक्षता धरायच्या आणि शेवटी देवीला वाहायच्या. आमच्या घरात ऐकणारी मीच. मला मांडी घालून बसता यायला लागलं तेव्हापासून मी ऐकत होते.

पण मी सांगते आहे त्या वर्षी श्रावण आला, तेव्हा आई माझ्याशी बोलत नव्हती.

आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरात राहत होतो. अण्णा मालधक्क्यावर कारकून. गार्डच्या परीक्षेला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा इंग्रजीच्या पेपरात राहिले. त्याविषयी ते घरात कधी बोलले नाहीत, पण मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा समोरची मराठी शाळा सोडून त्यांनी मला पुलापलीकडच्या इंग्रजी शाळेत नेऊन बसवलं. आईनं विचारलं, एवढीशी पोर, पूल ओलांडून जाईल का? अण्णा म्हणाले, आज पूल ओलांडेल तर उद्या अडणार नाही.

तिथं मी अडले ती पहिल्याच दिवशी. वर्गात जे काही चाललं होतं, त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. मुलं हसली की मी हसायची, उठली की उठायची. हळूहळू तेही सोडलं. पाणी हवं असेल तरी मागायची नाही. घरी येऊन आधी माठाशी जायची.

शाळेच्या मुख्य बाई होत्या मिस आल्मेडा. गोव्याकडच्या. उंच, पायघोळ झगा, आखूड केस, गळ्यात बारीक साखळी आणि तिला क्रूस. पहिलीचा वर्ग त्या स्वतःच घ्यायच्या. आषाढात त्यांनी अण्णांना आणि आईला बोलावून घेतलं. मी आईच्या पदराआड उभी होते.

मिस मराठीतच बोलल्या, त्यांच्या त्या हेल काढलेल्या मराठीत. मुलगी मठ्ठ नाही, डोळ्यांवरून कळतं, पण तोंड उघडत नाही. दिवाळीपर्यंत बघू. तोवर बोलली नाही तर नाव काढून मराठी शाळेत घाला, निदान तिचं वर्ष वाचेल. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, आम्ही काय करावं?

"घरात मराठी बंद करा," मिस म्हणाल्या. "तिच्या कानावर इंग्रजीच पडलं पाहिजे."

अण्णांनी मान डोलावली. आई इतका वेळ दाराशीच उभी होती. तिनं एकच प्रश्न विचारला. "आणि ज्याला इंग्रजी येतच नाही, त्यानं?"

मिसना घाई असावी. त्या खुर्चीवरून उठता उठता हसून म्हणाल्या, "त्यानं गप्प राहिलेलं बरं."

अण्णाही हसले, साहेब हसला की हसतात तसे. आई हसली नाही.

त्यानंतर दोन-चार दिवस काही बदललं नाही. मग आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी आई मला घेऊन बसली ती उठेचना. वेणी घातली, सोडली, परत घातली. रिबन आपली आपण कशी बांधायची ते दाखवलं. गोष्टी सांगितल्या, त्याही एकामागून एक, मी न मागता. आजोळच्या गाईची, तिच्या लहानपणी नदीला आलेल्या पुराची. मला वाटलं, आज आईला काय झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी हाक मारली, तर आईनं मागे वळून पाहिलं, हसली, आणि ओठ मिटून घेतले.

तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

रागावली असती तर बरं, असं मला वाटायचं. रागावलेलं माणूस दूध गाळताना साय काढून आपल्या वाटीत घालत नाही. आई सगळं करायची, न्हाऊ घालायची, कुशीत घेऊन निजवायची, फक्त आवाज नव्हता. माझंच काही चुकलं असेल, म्हणून मी आपली आठवत बसे. कंदिलाची काच मीच फोडली होती आणि मांजरावर ढकललं होतं, ते एके दिवशी कबूल केलं. आईनं मला पोटाशी धरलं. पण बोलली नाही. मग मला भीती वाटली, की माझा गुन्हा काचेहून मोठा असणार आणि तो मला आठवतच नाही.

अण्णा मात्र बोलायचे. त्यांच्याजवळचं इंग्रजी रेल्वेचं. जेवायला बसलं की म्हणायचे, लाइन क्लिअर. मी भात संपवला की, राइट टाइम. आंघोळीला उशीर केला की, लेट रनिंग. एवढं झालं की त्यांचा साठा संपे आणि तेही बिचारे ताटाकडे बघत बसत. आम्ही तिघं जेवायला बसलो की ताट-वाट्याच काय त्या बोलायच्या. मी आईच्या बांगड्या ऐकायला शिकले. जेवायला ये, हा एक आवाज. अंधार पडला, घरात ये, हा दुसरा. शाळेत कळत नव्हतं म्हणून गप्प, घरात कुणी बोलत नव्हतं म्हणून गप्प. शेवटी मला बोलायचं सुचेनासंच झालं.

आणि श्रावणातला पहिला शुक्रवार आला.

शाळेला सुट्टी नव्हती, म्हणून आईनं सकाळीच पूजा मांडली. पुरण शिजल्याचा वास घरभर. मी न सांगता आंघोळ करून, शाळेचा फ्रॉक घालून पाटावर जाऊन बसले. कहाणी तर सांगावीच लागेल, मला मनातून खात्री होती. देवापुढं तरी आई बोलेलच.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मला हाताला धरून उठवलं आणि बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं. मग शेजारच्या चौधरीकाकूंना हाक मारली. काकू ओल्या हातांनीच आल्या. आत जाता जाता मला म्हणाल्या, "काय वं माय, घरात पोर असताना ऐकायला मी? तुझ्या आईला जिवती पावायची की मी?" त्या हसल्या. आईनं आतून दार लोटून घेतलं.

दारापलीकडून आईचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, नुसता सूर. मी दाराला कान लावला तर सूर आणखी हळू झाला. मी ओट्यावर रिकामी मूठ मिटून बसून राहिले.

दार उघडलं. आईनं मला पाटावर बसवून पुरणाच्या दिव्यांनी ओवाळलं. ज्योतीपलीकडे तिचे डोळे भरलेले होते. मग ती ताम्हनातल्या अक्षता घेऊन अंगणात उतरली आणि एकेका दिशेला तोंड करून टाकू लागली. पूर्वेला, दक्षिणेला. ओठ हलत होते.

मी काकूंना विचारलं, आई काय करते? किती दिवसांनी बोलत होते कोण जाणे, माझा मलाच आवाज घोगरा वाटला. काकू म्हणाल्या, ज्या आईचं लेकरू परगावी असतं, तिनं अशा अक्षता टाकायच्या. जिथं असेल तिथं त्याच्या डोक्यावर पडतात. कहाणीतल्या बाईनं नाही का टाकल्या? मग त्याच थबकल्या. "पण तुझी तर एकुलती एक ही इथं उभी आहे, गं," त्या आईला म्हणाल्या.

आईनं उरलेल्या अक्षता उत्तरेला टाकल्या आणि पदरानं तोंड पुसत आत गेली.

मी अंगणात उतरले. ओल्या मातीत पडलेले दाणे वेचले, सापडले तेवढे. उजव्या मुठीत घट्ट धरले, दप्तर खांद्याला लावलं आणि पूल ओलांडून शाळेत गेले.

मूठ उघडायची कशी? मी कहाणी ऐकलीच नव्हती.

प्रार्थनेला सगळ्यांनी हात जोडले, मी एक हात मुठीचाच ठेवला. लिहायला सांगितलं, मी पेन्सिल उचलली नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही. शेजारची मुलगी ओरडली की हिनं खडू चोरला आहे, 'चॉक' म्हणजे खडू, एवढं मला कळत होतं. मिस आल्मेडा जवळ आल्या. इंग्रजीत काही विचारलं. मी मूठ पाठीमागे नेली. त्या मला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या, खुर्चीत बसवलं आणि परत विचारलं, हळू, एकेक शब्द तोडून. मी जमिनीकडे बघत होते.

मिसनी आधी दाराकडे पाहिलं. मग उठून त्यांनी खोलीचं दार पुढे केलं, गुडघ्यांवर बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "काय आहे गं मुठीत?"

"अक्षता."

त्या शाळेत मी बोललेला तो पहिला शब्द.

"दाखवतेस?"

"कहाणी संपल्याशिवाय उघडायची नाही."

"मग संपव," मिस म्हणाल्या. "कोणती कहाणी?"

ऐकणाऱ्याच्या हातात अक्षता लागतात, हे मी त्यांना सांगितलं. पण मूठ तर उघडायची नव्हती. मी विचार केला आणि बोटांच्या फटीतून एकेक करून निम्मे दाणे त्यांच्या तळहातावर पाडले. मिसनी हात मिटून घेतला. मग मी सुरुवात केली. आटपाट नगरापासून. राजा, राणी, ती लबाड सुईण, जन्मताच आईपासून तोडलेलं बाळ. आई ज्या ठिकाणी थांबायची त्या ठिकाणी थांबले, ती जिथं आवाज बारीक करायची तिथं केला. घंटा झाली, मुलं वर्गात गेली, कुणीतरी दारावर टकटक केलं, मिसनी नुसता हात वर केला. दर शुक्रवारी अक्षता टाकणाऱ्या त्या बाईपाशी आले, तेव्हा मात्र पुढचं मला सांगता येईना.

"एवढं बोलता येतं तुला," मिस म्हणाल्या. हे त्या मला म्हणत नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, "आज आईनं नाही सांगितली?"

"आई माझ्याशी बोलत नाही."

"का?"

"माहीत नाही. तुम्ही शाळेत बोलावलंत ना, मग एकादशी आली. तेव्हापासून."

मिस खिडकीतून पुलाकडे बघत राहिल्या. त्यांची मूठ मिटलेलीच होती.

शाळा सुटल्यावर त्या माझ्याबरोबर निघाल्या. पुलावर त्यांनी माझा डावा हात धरला, कारण उजवा कामात होता. आमच्या ओळीत कधी मेम आली नव्हती. पोरं मागून चालायला लागली. चौधरीकाकू ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या आणि पदर सारखा करत म्हणाल्या, जिवतीनं कुणाला धाडलंय बघा.

आई दारात आली आणि पांढरीफटक पडली. नाव काढलं, असंच तिला वाटलं असणार. खुर्ची एकच होती, ती तिनं पुसून पुढं केली. मिस खुर्चीवर बसल्या नाहीत. झगा सावरून सरळ जमिनीवर बसल्या, जिवतीच्या कागदासमोर.

"तुम्ही मुलीशी बोलत नाही?" त्यांनी विचारलं.

आईनं मान खाली घातली. "तुम्हीच म्हणालात ना, मिसबाई. येत नाही त्यानं गप्प राहिलेलं बरं."

"अहो, मी सहज बोलले."

"आम्हाला कसं कळावं सहज की काय? शाळेचं तुम्हालाच कळणार." आईच्या आवाजात राग नव्हता. "माझ्या तोंडून मराठीशिवाय काही निघत नाही. मी बोलत राहिले तर पोरीच्या कानात तेच साचणार. म्हणून चातुर्मासाचा नेम धरला. कुणी वांगी सोडतं, कुणी मीठ. मी नलूशी बोलणं सोडलं. कार्तिकीपर्यंत."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. माझा गुन्हा काय, ते मला तेव्हा कळलं. काहीच नव्हता.

मिस म्हणाल्या, माझी चूक झाली, आजच सोडा तो नेम. आई हलली नाही. ती म्हणाली, देवापुढं पाणी सोडलंय. पोरीच्या नावानं धरलेला नेम मोडला आणि तिलाच काही झालं तर? बोलता बोलता तिचा हात देवीच्या कागदाकडे गेला, आणि तिथंच राहिला.

मला वाटलं, आता मिस हसतील. अण्णासुद्धा अशा गोष्टींना हसत. पण त्यांनी गळ्यातला क्रूस बोटात धरला. म्हणाल्या, ईस्टरच्या आधी आम्हीही काही ना काही सोडतो. मी चहा सोडते. एका वर्षी विसरून घोट घेतला आणि रात्रभर रडले होते. मग विचारलं, "नेम काय धरलात, नीट शब्दांत सांगा."

"नलूशी बोलणार नाही."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी मराठी तिच्या कानावर पडू द्यायची नाही, ते तुम्ही सांगितलेलं."

"मग कानाचं मी सांगितलं होतं, ते मी मागे घेते," मिस म्हणाल्या. "तोंडाचा नेम तुमचा. तो तुम्ही पाळा. माझ्याशी बोलायला तर बंदी नाही?"

"तुमच्याशी काय, बोलतेच आहे."

मिसनी मला हाक मारून मांडीवर ओढलं. त्यांची मूठ अजून मिटलेली होती, घामानं दाणे हाताला चिकटले असतील. ती त्यांनी आईला दाखवली. "ह्या पोरीनं मला अर्धीच सांगितली. शेवट राहिला. माझी आई दूर आहे, मला इथं कोण सांगणार? तुम्ही सांगा."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं उंबऱ्याकडचा दिवा उचलून देवीपुढं ठेवला, पाटावर बसली आणि मिसच्या डोळ्यांत बघून कहाणी सांगायला लागली, पहिल्यापासून. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं पाहावं याची मला गरजही नव्हती. मिसच्या झग्याला साबणाचा वास येत होता, आणि आईचा आवाज माझ्या अंगावर पावसासारखा पडत होता. कहाणी सुफळ झाली, तेव्हा आम्ही दोघींनी मुठी उघडल्या.

उठता उठता आई म्हणाली, "मिसबाई, तुमचे केस किती कोरडे झालेत. उद्या आंघोळीआधी तेल लावून घ्या. आणि डबा तसाच परत आणू नये, जीव तुटतो माणसाचा."

मिसनी आपल्या आखूड केसांवरून हात फिरवला, माझ्या वेणीकडे पाहिलं आणि खूप गंभीरपणे म्हणाल्या, "होय. लावीन."

लेकी बोले सुने लागे, असं म्हणतात. आमच्याकडे मिसबाईंना बोले, लेकीला लागे. पुढं प्रत्येक शुक्रवारी मिस आल्या. आणि इतर दिवशी त्या नसल्या तर तुळस होती, मांजर होतं, माठ होता. "तुळसाबाई, गृहपाठ झाला का?" असं अंगणातून ऐकू आलं की मी आतून हो म्हणायची. चौधरीकाकू म्हणायच्या, ह्या घरात मांजराचाही अभ्यास घेतात.

दुसऱ्या शुक्रवारी कहाणी झाल्यावर मिस मला म्हणाल्या, मला मराठी अर्धवट कळतं, आता तू मला इंग्रजीत सांग. अडले तिथं त्या शब्द द्यायच्या, मी तो कहाणीत ठेवायची. किंग. क्वीन. राइस फ्रॉम द स्काय. हे चाललं असताना मी सहज पाहिलं, तर आई चुलीपुढून उठून आमच्याजवळ येऊन बसली होती. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिची उजवी मूठ मिटलेली होती, आणि बोटांतून तांदळाचा एक दाणा डोकावत होता. मी थांबेपर्यंत तिनं ती उघडली नाही.

दिवाळीआधी वर्गापुढं उभी राहून मी तीच कहाणी इंग्रजीत सांगितली, मोडकीतोडकी. नाव काढायचा विषय परत कुणी काढला नाही.

कार्तिकी झाली. दुसऱ्या दिवशी आईनं आंघोळ करून देवापुढं नेम पूर्ण केला आणि मला समोर बसवलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल. तिनं माझ्या दंडावरून हात फिरवला. "नलू," ती म्हणाली, "किती वाळलीस गं." मग जी बोलत सुटली, ती भात करपल्याचा वास आला तरी थांबली नाही. अण्णा कामावरून आले, करपलेला भात जेवले आणि म्हणाले, राइट टाइम.

मी पुढं जन्मभर इंग्रजीच शिकवलं. माझ्या शाळेत आई-बाप विचारायला आले, घरात काय बोलावं, तर मी एवढंच म्हणत असे, तुम्हाला रागावताना जे येतं ते बोला.

मिस निवृत्त झाल्या त्या दिवशी आईला भेटायला आल्या होत्या. निघताना हसत म्हणाल्या, आता मला कहाणी कोण सांगणार? आई म्हणाली, नलू सांगेल की. मिसनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. मी आता नाशिकरोडला राहते, आणि मिसही इथंच, सिस्टरांच्या वृद्धाश्रमात असतात. माणसं ओळखत नाहीत. इंग्रजी त्यांच्याजवळून आधी गेलं. तिथं सेवा करणाऱ्या केरळच्या मुली सांगतात, एके सकाळी त्या मराठीतच काही मागू लागल्या, ते कुणालाच कळलं नाही. मग मराठी गेली. उरली ती त्यांच्या आईची कोंकणी, तीही तुकड्यातुकड्यांनी. पण हातावर अक्षता ठेवल्या की मूठ मिटते, आणि कहाणी संपेपर्यंत उघडत नाही.

आज श्रावणातला शुक्रवार. पूजा झाली. लेक सातासमुद्रापलीकडे आहे, तिच्या नावानं गॅलरीतून चारी दिशांना अक्षता टाकल्या. उरलेल्या पदराच्या टोकाला बांधल्या, पुरणाचा डबा पिशवीत ठेवला, दिव्यात तेल घातलं आणि दार हळूच ओढून घेतलं.